धामणीवरचा दुधाचा आळ
शाहूवाडी तालुक्यात पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधांतील बिळे पाण्याने भरली, म्हणजे उंदीर गोठ्याकडे वळतात. त्यांच्या मागोमाग पिवळट-तपकिरी, दोन मीटरहूनही लांब वाढू शकणारी बिनविषारी धामणही येते, आणि गाईच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते हा जुनाच आळ तिच्यावर पुनश्च येतो. नवल असे की, अमेरिकेतील ज्या पट्टेरी, निरुपद्रवी मिल्क स्नेकला तेथील हौशी मंडळी पहिला पाळीव साप म्हणून पसंत करतात, त्याच्यावरही तिकडच्या शेतकऱ्यांनी हाच वहीम घेतला होता. वास्तविक त्यालाही गोठ्यात ओढून आणणारा उंदीरच. सापाचे ओठ ताठर, चोखण्यास सर्वथा असमर्थ. दात तर आत वळलेले व सुईसारखे तीक्ष्ण. धार काढणाऱ्याचे नख लागले तरी लाथ झाडणारी गाय असले दात सडाला लागू देईल, हे मानणाऱ्याने गाय पाहिली आहे काय, अशी शंका येते.

येथील हौशी तरुणाने मात्र धामण पेटीत ठेवण्याचा मोह आवरावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा आहे. ती गोठ्यात दिसलीच, तर वनखात्यास वर्दी द्यावी, अथवा दार उघडे ठेवून तिला उंदरांचा समाचार घेऊ द्यावा.