द्राक्षवेलीवरचा केवडा : ओळख आणि बंदोबस्त

केवडा हा द्राक्षवेलीचा पावसाळी रोग. बागायतदार त्याला ‘डाऊनी’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका द्राक्षबागांसाठी ओळखला जातो आणि तिथे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर या रोगाची धास्ती असते. कोवळी फूट आणि परतीचा पाऊस एकाच वेळी आले की रोगाला सगळेच अनुकूल होते. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसात महाराष्ट्रातील अनेक बागा याच अवस्थेत सापडल्या.

पहिली खूण पानावर दिसते. वरच्या बाजूला फिकट पिवळे, तेलकट डाग पडतात. पान उलटले की नेमक्या त्याच जागी पांढरी, कापसासारखी बुरशी असते. पुढे डाग तपकिरी होऊन पान वाळते व गळते. घडावर रोग गेला तर कळ्या आणि कोवळे मणी सुकून झडतात. शंका असल्यास डाग पडलेले पान ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. केवडा असेल तर सकाळपर्यंत खालच्या बाजूने पांढरी वाढ दिसते. भुरी या वेलीच्या दुसऱ्या रोगाची पांढरी भुकटी मात्र बहुधा पानाच्या वरच्या बाजूला असते, बोटाने पुसली जाते आणि तिला पानावर पाणी साचावे लागत नाही.

प्लास्मोपारा व्हिटिकोला हा केवड्याचा कारक खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळवर्गाला जवळचा आहे. त्यामुळे भुरीची अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. दमट रात्री पानाखाली त्याचे बीजाणू तयार होतात. पानावर पाणी असेल तर त्यातून पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. डाग त्यानंतर काही दिवसांनी उमटतो. म्हणजे डाग दिसतो तेव्हा लागण जुनी झालेली असते, म्हणून फवारणी पावसाच्या आधी हवी आणि ती पानाच्या खालच्या बाजूलाही पोहोचली पाहिजे.

हा रोग मूळचा अमेरिकेतला. 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला आणि 1885 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी त्यावर बोर्डो मिश्रणाचा उपाय मांडला. एक टक्का मिश्रणासाठी 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करतात. तयार मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहावी; पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे, आणखी चुना घालावा. छाटणीनंतर ते खोड व ओलांड्यांवर फवारतात. कोवळ्या पानांना मात्र ते चटका देऊ शकते.

फुटीवर आधी मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य औषध वापरतात आणि पाऊस लांबला तर डायमेथोमॉर्फसारख्या आंतरप्रवाही औषधांची जोड देतात. एकाच गटाचे औषध सारखे मारले की रोग त्याला दाद देईनासा होतो, म्हणून गट बदलत राहावे. मात्रा आणि काढणीपूर्वीचा थांबा यासाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशी पाहाव्यात. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश कडकपणे तपासला जातो.

डॉगरिज खुंटामुळे संरक्षण मिळत नाही, कारण त्यावर कलम केलेली थॉम्पसन किंवा शरद सीडलेस ही जात केवड्याला बळी पडणारीच असते. बगलफुटी काढून काड्या मोकळ्या ठेवल्या तर वारा खेळतो आणि पाने लवकर सुकतात. पाणी ठिबकनेच द्यावे. गळलेल्या पानांत रोगाचे जाड कवचाचे बीजाणू पुढच्या हंगामापर्यंत टिकतात, म्हणून छाटणीनंतरचा पालापाचोळा बागेबाहेर नेऊन नष्ट करावा.