जुन्या तबकड्या आणि योग्य सुई



पुष्कळ घरांच्या माळ्यावर आजोबांच्या वेळच्या कांहीं तबकड्या अजून पडून असतात. बालगंधर्वांचें एखादें नाट्यपद, अब्दुल करीमखांसाहेबांची एखादी ठुमरी. त्या पुन्हां ऐकाव्या म्हणून हौशी गृहस्थ प्रथम मोठे लाऊडस्पीकर आणतो, मग ॲम्प्लिफायर, आणि उरल्या पैशांत टर्नटेबल. माझें सांगणें असें कीं, हा क्रम नेमका उलटा असावा. आरंभ सुईपासून करावा. कारण या साऱ्या सरंजामांत तबकडीस स्पर्श करणारी वस्तु तेवढी एकच.

मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेंत दगडाची बारीक पूड मिसळून केलेली असे व तिची खांच रुंद असे. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले तबकडी बाजारांत आणली. ती व्हिनिलची, आणि तिची खांच फार अरुंद. तिच्या सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें एक सहस्रांश इंच, तर ७८ च्या सुईची सुमारें तीन सहस्रांश. बारीक सुई रुंद खांचेंत घातली तर ती भिंतींना धरून चालत नाहीं. तळाशीं घसरते आणि खरखर तेवढी उचलते.

मग आजोबांचाच कर्ण्याचा ग्रामोफोन कां नको? त्याच्या पोलादी सुईवर शंभर ग्रॅमच्या आसपास भार पडतो; आजच्या कार्ट्रिजचा भार अवघा कांहीं ग्रॅम. जड सुईखालीं प्रत्येक वादनागणिक स्वराचा कांहीं अंश झिजून जातो, आणि गेलेला अंश परत येत नाहीं.

सुईनंतर टर्नटेबल. हल्लींच्या पुष्कळ यंत्रांत ३३⅓ व ४५ एवढ्याच गती असतात. ७८ ची गती आहे ना, हें विचारून घ्यावें. ती कमीअधिक करतां आली तर उत्तम, कारण आरंभीच्या सर्वच तबकड्या बरोबर ७८ वर मुद्रित झालेल्या नाहींत. गतींत शेंकडा सहाचा फरक पडला कीं गायकाची पट्टी अर्ध्या स्वरानें सरकते.

तिसरी वस्तु फोनो प्रीॲम्प्लिफायर. लाँग-प्ले मुद्रित करतांना खर्ज दाबतात व तार स्वर उचलतात. वाजवितांना तें उलट करून तोल साधतात. याचें प्रमाण अमेरिकेंत १९५४ सालीं ठरलें. त्यापूर्वींच्या तबकड्यांस तें लागू पडत नाहीं व आवाज मंद वाटतो. म्हणून खर्ज व तार वेगवेगळे जुळवितां येतील अशी सोय पाहावी. या तबकड्या एकवाहिनी असल्यानें कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या एकत्र केल्यास खरखरही बरीच कमी होते. इतकें झाल्यावर उरेल त्या पैशांत लाऊडस्पीकर घ्यावेत.

लाखेची तबकडी स्पिरिटनें पुसूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात व उन्हापासून जपाव्यात. आणि स्वच्छ केल्यावर पहिलें वादन होईल तेव्हांच त्याची संगणकावर प्रत करून घ्यावी. नित्य ऐकावयास ती प्रत पुरे. कौटुंबिक मुद्रण असेल तर तो आवाज दुसरीकडे कोठेंही नसण्याचा संभव आहे. आणि लाखेची तबकडी एकदां हातून निसटली कीं तिचे तुकडेच वेंचावे लागतात.