आधी बूट, मग डोंगर

जून उजाडला की मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "काकू, कोणते बूट घेऊ?" सोबत तीन-चार फोटो असतात. रंग दिसतो, नाड्या दिसतात, कंपनीचं नाव दिसतं. तळाचा फोटो आजवर एकाही मुलानं पाठवलेला नाही. गेली चौदा वर्षं मंडळाची पावसाळी पदभ्रमणं मी बघते. तेवढ्या अनुभवावर सांगते, बूट खालून बघायला सुरुवात करावी.

आपल्या बेळगावच्या पश्चिमेला काय आहे ते आठवा. कणकुंबी-चोर्ल्याकडे लाल चिखल आणि जांभा, चंदगड तालुक्यातल्या गडांवर शेवाळलेला कातळ, मधेमधे ओढे. चिखलाला तळाच्या खाचा खोल लागतात, चार-पाच मिलिमीटर तरी, आणि दोन खाचांमध्ये अंतर हवं, नाहीतर चिखल अडकून तळ सपाट होतो. ओल्या कातळावर मात्र खाचांपेक्षा रबराचा मऊपणा कामाला येतो. नखानं दाबून बघा. दगडासारखा कडक, चकचकीत तळ असेल तर दुकानदार "दहा वर्षं झिजणार नाही" म्हणेल आणि तेही खरं असेल, पण ओल्या कातळावर तुम्ही घसराल. मऊ रबर लवकर झिजतं. झिजू दे. सह्याद्रीत भटकणाऱ्या किती पिढ्यांनी अ‍ॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज वापरले, ते याच पकडीसाठी. दिसायला ओबडधोबड, किंमत बेताची, पण ओल्या दगडावर पाय ठरतो. फक्त ते घालून रोज कॉलेजला जाऊ नका. डांबरावर खाचा झिजतात आणि पावसाळ्यात ऐनवेळी तळ गुळगुळीत झालेला असतो.

या रबरी खाचांचा इतिहास दुःखाचा आहे. 1935 साली इटलीच्या आल्प्समध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार मरण पावले. हवामान बिघडलं आणि त्यांची पादत्राणं त्या थंडीला, त्या बर्फाला पुरी पडली नाहीत. तेव्हा चढाईच्या बुटांना लोखंडी खिळे ठोकत. त्यातून थंडी पायात शिरे. ब्रामानीनं त्यानंतर खाचांचा रबरी तळ तयार केला, 1937 मध्ये तो बाजारात आला, आणि त्याच्या नावावरूनच व्हिब्रम हे नाव पडलं. 1954 मध्ये केटू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या पायात हेच तळ होते. आज महाग बुटांच्या तळावर पिवळा अष्टकोन दिसतो, तो त्यांचा. तेवढ्यावर भाळू नका मात्र. त्या कंपनीचीही रबरं अनेक प्रकारची असतात आणि सगळीच ओल्या कातळासाठी नसतात.

आता एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी कलानंदीगड उतरताना आमच्यातल्या एका मुलाच्या बुटाचा तळ पूर्ण निखळला. अर्ध्या तासानं दुसऱ्या पायाचाही. बूट परदेशातल्या मामानं आणलेले, भारी, सात वर्षं माळ्यावर डब्यात जपून ठेवलेले. दोनदासुद्धा वापरले नव्हते, दिसायला कोरे. पाऊस कोसळत होता, अंधार पडायला दीड तास होता. दोन मुलांनी सुतळीनं तळ बांधून दिले, सुतळी दर दहा मिनिटांनी तुटत होती. शेवटचा टप्पा तो मोज्यांवर उतरला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. गाडीपाशी आलो तेव्हा काळोख झाला होता आणि त्याच्या तळव्यात दोन काटे होते. त्याची आई गाडीतच बसून होती, एक शब्द बोलली नाही.

चूक मुलाची नव्हती. पुष्कळ बुटांमध्ये वरचा भाग आणि रबरी तळ यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ, हलका थर असतो. हवेतल्या दमटपणानं तो थर काही वर्षांत आतून कुजतो. बूट वापरला नाही तरी कुजतो, उलट बंद डब्यात ठेवलेला लवकर दगा देतो. म्हणून घरातले जुने बूट काढलेत तर आधी अंगठ्यानं तो थर जोरात दाबा, बूट वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या, भुगा पडला किंवा चिकट लागलं, तर ते अंगणापुरते. आणि सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा बूट किती वर्षांपूर्वी बनलाय, हे विचारायला लाजू नका.

मापाचं बोलायचं तर आपल्या घरांत एक जुनी सवय आहे, वाढत्या अंगाचं घ्यायचं. गणवेशाला ठीक आहे. बुटाला नाही. मोठ्या बुटात टाच वर-खाली होते, बूट चावतो, उतारावर बोटं पुढे आपटतात आणि अंगठ्याचं नख काळं पडून महिन्याभरानं गळतं. वाढत्या वयाच्या मुलाला स्वस्त पण नेमका बूट घ्या, पुढच्या वर्षी धाकट्याला होईल.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि चालतानाही फुगणारच आहे. डोंगरावर घालणार तेच मोजे नेा, सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि ओली कातडी घासली की फोड येतो. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. दोन्ही पायांची मापं घ्या, थोडासा फरक बहुतेकांना असतो, मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्यायचा. नाड्या बांधून उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, चवड्याला दोन्ही बाजूंनी दाब नको आणि टाच जागची हलता कामा नये. मग जिना उतरून बघा, दुकानात जिना नसेल तर फुटपाथच्या कडेवर. उतरताना बोटं टेकली तर तो बूट तिथंच ठेवून या, कितीही आवडला असला तरी. "वापरून सैल होईल" हे चामड्याच्या बुटाच्या रुंदीबाबत थोडंफार खरं आहे, लांबीबाबत कधीच नाही.

घोट्यापर्यंतचा बूट घ्यावा की खालचा, यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. उंच बूट दगड-काटे अडवतो, आणि आपल्याकडे फुरसं असतंच. सापाचा दंश बहुधा पायाला होतो, तेव्हा घोटा झाकलेला बरा. पण उंच बूट जड असतो, आणि पायातलं अर्धा किलो पाठीवरच्या दोन-अडीच किलोंइतकं दमवतं. माझा कल असा: झाडीतून, पाठीवर सामान घेऊन मुक्कामाला जाणार असाल तर उंच, एका दिवसाच्या मळलेल्या वाटेला खालचा.

वॉटरप्रूफ बुटावर मात्र आपल्या पावसात पैसे घालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ओढ्यात गुडघाभर पाणी असतं, ते वरून आत जातं आणि मग बाहेर यायला वाट राहत नाही. दिवसभर पाय डबक्यात. त्यापेक्षा जाळीचा बूट बरा, पाणी येतं तसं जातं. हिमालयात, कोरड्या थंडीत हिशेब वेगळा.

कोल्हापुरीबद्दल विचारणारेही आहेत, आणि विचारावंच. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव आहे. अथणी-निपाणीचे कारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या करतात. कोरड्या मातीवर, शेताच्या बांधावर तिला तोड नाही. पण भिजली की चामडं फुगतं आणि तळ निसरडा होतो. पावसाळ्यात ती घरी ठेवा.

वारीला जाणाऱ्या घरच्या मोठ्यांकडेही लक्ष द्या. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, बहुतेक डांबरी रस्ता. तिथं डोंगराचा बूट उपयोगाचा नाही, जाड मऊ तळाचा, पुढे रुंद, हलका चालण्याचा बूट लागतो. आई-वडिलांना, काका-आत्याला मधुमेह असेल तर हे काम तुमचंच. पुष्कळांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते, बूट चावतो आणि कळतच नाही, फोडाची जखम होते आणि ती चिघळते. दर मुक्कामाला त्यांचे तळवे आणि बोटांमधली जागा बघायला कुणीतरी सोबत हवं. स्वतःला वाकून दिसत नसेल तर आरसा धरावा. निघण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवून घ्या.

नवे बूट थेट गडावर नेऊ नयेत. दोन आठवडे घरात, मग गल्लीत, मग एका सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर. कुठं लाल झालं तर तिथं फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावायची. परत आल्यावर बूट धुवा, आतला पातळ तळ बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलात तर गोंद सुटतो. बोळे दोन तासांनी बदलायचे, रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणखी.