मेगापिक्सेल विसरा, मांजरीत चक्कर मारा!

खिशात मावणारा स्वस्तातला डिजिटल कॅमेरा पुन्हा तरुणांच्या हातात दिसू लागलाय. कुणी नवा घेतंय, कुणी मामाच्या कपाटातला जुना बाहेर काढतंय. त्याचा फोटो कसा येतो, हे खोक्यावरच्या आकड्यांवरून कळत नाही. ते तपासायचं सामान मात्र पुण्याच्या पूर्वेला, मांजरीत सहज सापडतं: ऊस, द्राक्षं, साखर आणि वाढदिवसाचे फ्लेक्स.

जन्मसाल १९७५
मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ ची. त्याच साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन ३.६ किलो, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद आणि पिक्सेल अवघे १०,०००. आजच्या भाषेत ०.०१ मेगापिक्सेल!

अल्बमला दोनच पुरे
४ बाय ६ इंची फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, २१.६ लाख पिक्सेल लागतात. म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. आणखी एक गंमत: ५ ऐवजी २० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर पिक्सेल चौपट होतात, फोटोची लांबी-रुंदी मात्र दुप्पटच.

नाव सोनूबाई
स्वस्त कॅमेऱ्यात बहुतेकदा ‘१/२.३ इंची’ सेन्सर असतो. तो मोजला तर भरतो ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर. हे इंच आले जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून! व्यावसायिकांचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल-फ्रेम सेन्सर याच्या तीसपट मोठा. जागा मोठी तर प्रकाश जास्त, आणि प्रकाश जास्त तर फोटोत दाणे कमी.

निम्मा सेन्सर हिरवा
कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार सेन्सरवर निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. आपल्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त कळतात म्हणून. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. उसाच्या फडाचा फोटो काढा. पात्याला पातं वेगळं दिसलं तर अंदाज जमला. हिरवा लगदा दिसला तर फसला.

द्राक्षाची परीक्षा
मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ‘मांजरी मेडिका’ हे रसासाठीचं वाण काढलं. आपल्याला बाजारातला कुठलाही काळ्या द्राक्षांचा घड चालेल. मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो. संध्याकाळी घरात आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची कॅमेऱ्याची क्षमता) वाढला की कॅमेरा फोटोतले दाणे पुसायला निघतो आणि त्यांच्याबरोबर हा थरही पुसून टाकतो. द्राक्षं प्लॅस्टिकची दिसली की समजा, सफाई जास्त झाली.

साखर करडी का?
कॅमेऱ्याचं मोजमाप गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरी करड्या उजेडाचं आहे. म्हणून ताटभर साखर मळकट येते आणि काळी द्राक्षं फिकुटतात. साखरेला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा, द्राक्षांना −१. फार वाढवलं तर पांढरा भाग जळतो. एकदा जळला की जेपीईजीमधून परत येत नाही. आणखी एक कसोटी: एम-३० साखरेचा दाणा एस-३० पेक्षा मोठा असतो. हा फरक फोटोत दिसतो का, बघा.

शुभेच्छुकांची रांग
मांजरीच्या रस्त्यावरचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स म्हणजे लेन्सची फुकटची प्रयोगशाळा! समोर सरळ उभं राहून पूर्ण चौकटीत घ्या. मधले साहेब सगळेच कॅमेरे नीट टिपतात. कोपऱ्यातल्या चिमुकल्या शुभेच्छुकाचं नाव वाचता आलं तर लेन्स पास. फ्लेक्सच्या कडा बाहेर फुगल्या असतील तर वाइड अँगलला लेन्स वाकडी बघते. झूम करून पुन्हा काढा, पण ऑप्टिकल झूमपुरतंच. डिजिटल झूम नुसता मधला तुकडा कापून ताणतो, आणि फोटो फाटतो.

शंभर टक्क्यांचा घोळ
२० मेगापिक्सेलचा फोटो फुल एचडी स्क्रीनवर शंभर टक्के मोठा केला की त्याचा जेमतेम दहावा भाग दिसतो. एवढ्या जवळून चांगला फोटोही बिघडलेला वाटतो. त्यापेक्षा एकाच जागी, एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी फोटो काढा, ४ बाय ६ मध्ये छापा आणि कॅमेऱ्याचं नाव न सांगता घरच्यांना निवडायला लावा. महागडा हरला, तर त्याची किंमत कुणाला सांगू नका!