पाण्यावाचून उगवणारी बुरशी

माहुली गडावरचे ढग विरतात, आसनगावात दुपारचं ऊन चटके देऊ लागतं, पहाटे दव पडतं; नेमकी तेव्हाच परसातल्या मांडवावर दुधी-काकडीची पानं पांढरी पडू लागतात. आधी चार ठिपके, मग तांदळाची पिठी भुरभुरावी तसं सगळं पान. ही भुरी.

बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आठवते. भुरीने हा नियम धाब्यावर बसवला आहे. तिचा बीजाणू स्वतःपुरतं पाणी पोटात घेऊनच वाऱ्यावर निघतो. पानावर थेंब नसला तरी तो रुजतो, उलट पान चिंब भिजलं तर त्याचंच बिनसतं! म्हणून धो धो आषाढात ती फारशी दिसत नाही.

तिची राहणीही अजब. धागे पानाच्या वरवरच पसरतात. आत शिरतो तो एक सूक्ष्म शोषक अवयव. पेशीची भिंत तो भोसकतो, पण आतला नाजूक पडदा फाडत नाही. पडद्याला आत लोटून तिथेच बसतो आणि साखर ओढत राहतो. पेशी मेली तर भुरीही उपाशी मरते, त्यामुळे यजमानाला जिवंत ठेवणं तिच्याच फायद्याचं.

भर पावसात याच वेलींवर येतो तो केवडा. तो तर खरी बुरशीच नव्हे. समुद्रातल्या तपकिरी शेवाळांचा तो दूरचा नातलग. ओल्या पानावर त्याचे चलबीजाणू दोन शेपट्या हलवत चक्क पोहतात आणि पर्णरंध्र गाठतात. पानावर वरून पिवळे, शिरांनी अडवलेले कोनदार डाग दिसतात. सकाळी पान उलटलं की खाली करडी-जांभळी लव.

हा फरक कळला नाही तर औषध वाया जातं. गंधक भुरीवर चालतं, केवड्याला त्याचं काहीच वाटत नाही. केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. त्याचा शोध मोठा गमतीचा. फ्रान्समधल्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासत. त्याच वेली केवड्यातून वाचल्याचं १८८२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या नजरेत भरलं. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रण जाहीर केलं. मात्र काकडीवर्गाची कोवळी पानं मोरचुदाने करपू शकतात आणि भर उन्हात गंधकानेही. हात आखडता ठेवलेला बरा.

चार वेलींच्या परसाला भुरीसाठी मला दूधच पुरेसं वाटतं. १९९९ साली ब्राझीलच्या वॅग्नर बेत्तिओल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर, म्हणजे भोपळ्याच्याच भावकीवर, गाईचं ताजं दूध पाण्यात मिसळून आठवड्यातून दोनदा फवारलं. दहा टक्के किंवा जास्त दूध असलेल्या फवाऱ्याने भुरी निदान नेहमीच्या बुरशीनाशकांइतकी आटोक्यात राहिली. लिटरभर फवाऱ्याला शंभर मिली दूध, गाळून घेतलेलं. नाहीतर नोझल तुंबतो. सुरुवात पहिले ठिपके दिसताच करायची, पानाच्या दोन्ही बाजूंनी. पार पांढरी झालेली जुनी पानं आधी खुडून टाकावीत.

फवारण्याआधी पान मात्र नीट निरखा. भुरीवर कधी कधी पिवळाधमक, पंखांवर एकही ठिपका नसलेला इवला ढालकिडा फिरत असतो. तो इलेइस. मावा नाही, पान नाही, तो आणि त्याच्या अळ्या भुरीच चरतात! पानाची चाळण करतो तो तांबूस, काळ्या ठिपक्यांचा एपिलॅक्ना. त्याच्या अळीच्या अंगावर काटे असतात. त्याला खुशाल वेचा, पिवळ्याला हात लावू नका.