पत्र्याला घाम फुटतो तेव्हा

पुणे–सातारा रस्त्यावर नसरापूर मागे टाकून कापूरहोळकडे निघालं की कामथडी लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथला गारठा हाडात शिरतो. तरी "आपल्याकडे कुठे काश्मीरची थंडी?" असं म्हणून घराकडे कोणी बघत नाही. घराची डागडुजी करायची ती पावसाळ्याआधी. हिवाळ्यासाठीही काही करायचं असतं, हे आपल्या मनातच येत नाही.

पण पुण्याच्या वेधशाळेत 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. त्यात आपला मुलूख खोऱ्यांचा. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत ओढ्याकाठी साचते. म्हणून टेकाडावरच्या वस्तीपेक्षा खालच्या शेतातली पहाट जास्त बोचते. थंड प्रदेशातली घरं थंडी धरूनच बांधलेली असतात, आपली पाऊस आणि ऊन धरून. त्यामुळे आठ अंशांतही आपण कुडकुडतो.

पहाटे पत्र्याखालून टपटप पाणी पडतं, तेव्हा "पत्रा गळतोय" म्हणून डांबर आणलं जातं. बऱ्याचदा ती गळती नसतेच. उघड्या आकाशाखाली पत्रा रात्रभर उष्णता गमावतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मग आपल्याच श्वासातली, चुलीवरच्या आधणातली वाफ त्याला लागून पाणी होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपावर हिमकण दिसतात, त्यामागेही हेच कारण आहे. हवा शून्यावर नसतानाही टप शून्याखाली जाऊ शकतो. तेव्हा डांबराचे पैसे वाचवा आणि पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून छत करा. प्लाय असो, बांबूचा तट्ट्या असो, कोंडलेली हवा हेच खरं पांघरूण. थर्माकोल मात्र चुलीच्या आसपास नको. तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

जुन्या घरांत हे सगळं होतं. वर कौलं, खाली लाकडी माळा, माळ्यावर भाताचा पेंढा, भिंतीपलीकडे गोठा. "मातीचं घर उन्हाळ्यातच बरं" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. हातभर जाडीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सावकाश परत करते. निवांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण 100 वॅटच्या बल्बाइतकी उष्णता बाहेर पडते. गाईच्या अंगातून त्याच्या कितीतरी पट. ती घरं पाडून आपण सिमेंटच्या पातळ भिंती आणि पत्रा आणला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोधडी "गरम" असते हाही समज. ती स्वतः ऊब देत नाही, आपल्या अंगाची ऊब थरांमधल्या हवेत धरून ठेवते. त्यामुळे अंगावर तिसरं पांघरूण घेण्याआधी खाली काय आहे ते बघा. शहाबादी फरशी अंगातली ऊब ओढून घेते. चटईवर एक जुनी गोधडी किंवा घोंगडी अंथरली तर फरक त्याच रात्री कळतो.

आता सगळ्यात जीवघेणा समज: निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपलं तरी चालतं. नाही चालत. कधीच नाही. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला जाग येतच नाही. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. तो बाहेरच्या भिंतीवर बसवा. कोणी गुंगलेलं दिसलं तर दारं-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

विजेच्या हीटरने हा विषारी वायू होत नाही, पण बिलाचं काय? "तेलाचा हीटर वीज कमी खातो" हे दुकानात सर्रास ऐकू येतं. तारेचा असो की तेलाचा, 1000 वॅटचा हीटर तासभर पूर्ण चालला की एक युनिट जळतं आणि उष्णताही तेवढीच मिळते. 2000 वॅटचा आठ तास अखंड चालला तर 16 युनिटं. छताशिवाय पत्र्याखाली हीटर लावणं म्हणजे आकाश तापवणं. "शंभराच्या वर गेलं की सगळीच युनिटं महाग" ही भीती मात्र चुकीची आहे. महावितरणचा वाढीव दर 101 व्या युनिटापासून पुढच्या युनिटांनाच लागतो.

घरात खरी वीज खाते ती अंघोळ. 20 लिटरची बादली 18 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पाच माणसांच्या महिनाभराच्या अंघोळींना सुमारे 84 युनिटं. गिझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीतून सुटणारी उष्णता पुन्हा पुन्हा भरत बसावी लागते, म्हणून अंघोळीआधी लावून लगेच बंद करणंच स्वस्त. "सोलर हिवाळ्यात चालत नाही" हेही खरं नाही. आपला हिवाळा निरभ्र असतो, सोलरची खरी अडचण पावसाळ्यात. तांब्याचा बंब अजून असेल तर तो अंगणातच पेटवा, धूर घरात नको.

डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला, जेमतेम 48 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. दहाच्या सुमारास पडदा सारा, गाद्या-गोधड्या उन्हात टाका. ऊन ओसरलं की खिडकी लावा, पण वरचा झरोका तेवढा उघडा राहू द्या.