‘सुशिक्षित बेरोजगार’ : सावरती अर्थव्यवस्था आणि पदवीधर



मराठीत ‘सुशिक्षित बेरोजगार’ हा शब्दप्रयोग गेली कित्येक दशके रूढ आहे. पूर्वी ‘सुशिक्षित बेकार’ असेही म्हणत. त्याच्या जोडीचा ‘अशिक्षित बेरोजगार’ हा प्रयोग मात्र क्वचितच कानी पडतो. व्याकरणाची त्याला काही आडकाठी नाही. तरीही भाषेला त्याची गरज भासलेली नाही. ती का भासली नसावी, हा प्रश्न मनाशी धरून प्रस्तुत घटक वाचावा. २०२० च्या करोना साथीनंतर देशाची अर्थव्यवस्था सावरू लागली, तेव्हा पदवीधरांच्या वाट्याला काय आले, हा या घटकाचा विषय आहे. विषय अर्थशास्त्राचा खरा. परंतु आपल्यापर्यंत तो ‘वाढ’, ‘रोजगार’, ‘बेरोजगार’ अशा शब्दांतून पोहोचतो, आणि शब्दांचा अर्थ लावणे हे मराठीच्या विद्यार्थ्याचेच काम आहे.

प्रथम ‘वाढ’ हा शब्द घेऊ. तेव्हाच्या अंदाजानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आधीच्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले. पुढच्या वर्षी याच तिमाहीत सुमारे २० टक्के वाढ नोंदवली गेली. आता साधा हिशेब करून पाहा. १०० चे ७६ झाले, ७६ मध्ये २० टक्क्यांची, म्हणजे सुमारे १५ ची भर पडली, झाले ९१. वाढ खोटी नव्हती. मात्र ‘२० टक्के वाढ’ असे वाचून ज्याने १२० ची कल्पना केली, तो फसला.

‘रोजगार’ या शब्दाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ काळ, दिवस असा आहे. मराठीत तो पोट भरण्याचे साधन या अर्थाने स्थिरावला. सरकारी सर्वेक्षणात मात्र त्याला तिसराच, पारिभाषिक अर्थ आहे. आपल्या देशात रोजगाराची मोजणी प्रामुख्याने नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून होते. त्यातील नेहमीच्या व्याख्येनुसार वर्षभरात किमान ३० दिवस एखादे दुय्यम काम केले, तरी ती व्यक्ती रोजगारप्राप्त ठरू शकते. काम घरचे असेल आणि त्याचा एक रुपयाही हाती पडत नसेल, तरीही. बी.ए. झालेली मुलगी भावाच्या किराणा दुकानात बसून वजन करते; तिला आपण बोलताना ‘नोकरीला आहे’ म्हणणार नाही, पण सर्वेक्षणाच्या भाषेत तिला रोजगार आहे.

या व्याख्येमुळेच एक विलक्षण गोष्ट घडलेली दिसते. २०१८-१९ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ५.८ टक्के होता. साथीच्या २०२०-२१ या वर्षात तो ४.२ टक्क्यांवर आला. टाळेबंदीत लाखो लोक शहरे सोडून पायी गावाकडे निघालेले आपण पाहिले होते, आणि आकडा तर सांगतो की बेरोजगारी घटली. याचे उत्तर त्याच सर्वेक्षणात सापडते. एकूण काम करणाऱ्यांत शेतीवरच्या लोकांचे प्रमाण याच दोन वर्षांत ४२.५ वरून ४६.५ टक्क्यांवर गेले. गावी परतलेली माणसे घरच्या शेतात राबू लागली आणि मोजणीपुरती रोजगारप्राप्त झाली. शेतीला तितक्या हातांची आवश्यकता होती का, हे व्याख्या विचारत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२२ साली १५ ते २९ वयोगटातील पदवीधरांत बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. याच वयोगटातील ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यात तो ३.४ टक्के होता, असे तो सांगतो. अशिक्षितांची स्थिती बरी आहे, असा याचा अर्थ लावू नये. सर्वेक्षणात बेरोजगार ठरण्यासाठी माणसाने काम शोधत किंवा कामास तयार असावे लागते, आणि तरीही रिकामे असावे लागते. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला रिकामे राहणे परवडत नाही. मिळेल ते काम तो धरतो. पदवीधर थांबतो, कारण घरच्यांनी त्याच्या शिक्षणाला पैसा लावलेला असतो आणि त्याला थांबवून धरण्याइतके बळ अजून त्यांच्यात असते. ‘अशिक्षित बेरोजगार’ हा प्रयोग का रुजला नाही, याचे एक उत्तर मला येथे दिसते.

हे थांबणे महाराष्ट्रात कसे लांबत गेले, हेही पाहण्यासारखे आहे. मंदी ओसरू लागली की खासगी मालक आधी जुन्या कामगारांचे तास वाढवतो, मग सोडून गेलेल्यांना बोलावतो, कंत्राटी माणसे घेतो; नवख्या पदवीधराचा क्रमांक शेवटी लागतो. सरकारी दार तर बंदच होते. मे २०२० मध्ये राज्याच्या वित्त विभागाने आरोग्याशी संबंधित विभाग वगळता नवी भरती थांबवली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अनेकदा लांबणीवर पडली. मार्च २०२१ मध्ये ती आणखी एकदा पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढे २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पात्रता बारावीची, पण अर्जदारांत पदवीधरांची गर्दी.

या काळाने मराठीला एक वाक्य मात्र दिले : ‘तयारी करतोय.’ कशाची, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. कर्म गाळूनही ऐकणाऱ्याला अर्थ पूर्ण कळतो. हा ‘तयारी करणारा’ अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास बसतो. पण तो सध्या कामास उपलब्ध नाही असे नोंदले गेले, तर तो बेरोजगारांतही मोजला जात नाही. विद्यार्थी नाही, नोकरदार नाही, कागदोपत्री बेकारही नाही.

वाईट काळात पदवी मिळाल्याचा परिणाम किती टिकतो? ओरिओपोलस, फॉन वॉख्टर आणि हाइझ यांनी कॅनडातील पदवीधरांच्या अनेक वर्षांच्या उत्पन्नाच्या नोंदी तपासल्या. मोठ्या मंदीत बाहेर पडलेल्यांचे सुरुवातीचे उत्पन्न सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिले. पाच वर्षांत ही तूट निम्मी झाली आणि दहा वर्षांत जवळपास भरून निघाली. ती भरली ती बरीचशी लहान, कमी पगाराच्या जागेवरून हळूहळू बऱ्या जागी सरकल्यामुळे. बाजारात ज्यांच्या पदवीला मागणी कमी, त्यांची झळ अधिक खोल होती. कॅनडाची फूटपट्टी आपल्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. तेथे लहान नोकरीतून मोठ्या नोकरीत जाण्याच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे कंत्राटी शिक्षकाचा दहा वर्षांनंतरही कंत्राटी शिक्षकच राहिलेला मी पाहिला आहे. तरीसुद्धा पहिली नोकरी ही आयुष्याची इयत्ता ठरवत नाही, एवढे या अभ्यासातून घेता येईल. आमच्या अभ्यासकेंद्रावर पदवीत खंड पडलेले, तिशी ओलांडलेले विद्यार्थी येतात आणि तो खंड अपराधासारखा लपवतात. २०२० आणि २०२१ चा खंड लपवण्याचे तर काहीच कारण नाही. त्याचा कर्ता तुम्ही नव्हता.

‘विद्यावेतन’ या शब्दाकडेही लक्ष द्या. २०२४ मध्ये राज्य शासनाने युवकांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना आणली. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये, आरंभी सहा महिन्यांसाठी. ही रक्कम वेतन नाही, म्हणून वेतनाबरोबर येणारे हक्कही नाहीत. पण समासात ‘वेतन’ हे पद असल्यामुळे घरी ती ‘पगार’ म्हणूनच सांगितली जाते. कागदावर सही करण्यापूर्वी हा समास सोडवून पाहावा.

स्वाध्याय : आपल्या गावातील किंवा वस्तीतील, २०२० ते २०२२ या काळात पदवी घेतलेल्या पाच व्यक्तींशी बोला. ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या : ‘कामाला आहे’, ‘नोकरीला आहे’, ‘घरीच असते’, ‘तयारी करतोय’, जे असेल ते. नंतर सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार प्रत्येकाचे वर्गीकरण करा आणि दोन्ही उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे सुमारे २०० शब्दांत कारण नोंदवा.